संयुक्त निवेदन निघालं नाही म्हणजे बैठक वाया गेली का?

मीमांसक
काल इथे एकाने लिहिलं, ब्रिक्सच्या (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका आणि नंतर आलेले देश यांचा गट) परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठका म्हणजे ओळीत उभं राहून फोटो काढायचे आणि घरी जायचं. पुरावा काय, तर एप्रिल २०२५ मध्ये रिओत संयुक्त निवेदनही निघालं नाही. वाचून डोकं सणकलं. अहो, निवेदन अडलं कशावर ते तरी बघा! सुरक्षा परिषदेच्या सुधारणेत दक्षिण आफ्रिकेला पुढे करणाऱ्या शब्दांना इजिप्त आणि इथिओपियाने हरकत घेतली. मतभेद खरा होता, तो कागदाखाली दडपला नाही. शेवटी यजमान ब्राझीलने अध्यक्ष या नात्याने निवेदन काढलं.

आणि अशा बैठकांचं निम्मं काम बाजूच्या खोलीत होतं. गलवानच्या चकमकीनंतर जयशंकर आणि चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी समोरासमोर कुठे बसले? १० सप्टेंबर २०२० ला मॉस्कोत, शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीला दोघेही गेले होते तेव्हा. पाच मुद्द्यांवर सहमती तिथेच झाली. त्या वातावरणात एकमेकांच्या राजधानीत जाणं दोघांनाही शक्य नव्हतं.

आडवाटेचा
ती पोस्ट माझी, आणि मी तिच्यावर ठाम आहे. पाच मुद्दे ठरले, पुढे? लडाखमधल्या देपसांग-डेमचोकच्या गस्तीचा तिढा सुटायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. त्याचं श्रेय तुमच्या बाजूच्या खोलीला की लष्करी कमांडरांच्या चर्चेच्या फेऱ्यांना? शिवाय आता ब्रिक्समध्ये इराण आणि अमिराती एकाच टेबलाला बसतात. एकमत होणार कशावर?

निर्यातवाला
निवेदनं राहू द्या, पैशाचं बोला. 'स्थानिक चलनात व्यापार' हे वाक्य दरवेळी असतंच. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपयात व्यवहाराची सोय केली. आम्ही रशियाला छोटी यंत्रं पाठवतो. माल पोचला, तिकडच्याने पैसे भरले, आणि इथे माझी बँक कागद परत पाठवत राहिली. आज म्हणे बिलावरचा कोड जुळत नाही, उद्या म्हणे वरून मंजुरी यायची आहे. वोस्ट्रो खातं (परदेशी बँकेचं इथल्या बँकेतलं रुपयाचं खातं) कसं चालतं ते काउंटरवरच्या माणसाला मी समजावत होतो! कामगारांचे पगार बायकोचे दागिने ठेवून केले.

मीमांसक
तुमचा त्रास कळतो, पण हा बँकेचा भित्रेपणा आहे. अमेरिकी निर्बंधांची धास्ती. परराष्ट्रमंत्री यात काय करणार?

जुनी वाचक
मुळात दुखणं वेगळं आहे. आपण रशियाकडून तेल प्रचंड घेतो आणि विकतो त्यामानाने फारच कमी. मे २०२३ मध्ये गोव्यात रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह स्वतः म्हणाले होते, भारतीय बँकांत अब्जावधी रुपये पडून आहेत, ते वापरता येत नाहीत. व्यापार एकतर्फी असेल तर चलन बदलून काय होणार?

निर्यातवाला
बाई, मला व्यापारतुटीचे धडे देऊ नका. तूट भरायची ती माझ्यासारख्यांच्या मालानेच ना? मग आम्हालाच का अडवता?

आडवाटेचा
हेच मी म्हणतोय! २०१४ मध्ये ब्रिक्सने अडचणीतल्या सदस्यासाठी १०० अब्ज डॉलरचा राखीव निधी ठरवला, पण आपल्या वाट्याच्या ३० टक्क्यांपुढे उचल हवी तर आधी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा कर्ज कार्यक्रम घ्या. डॉलरला पर्याय देणार म्हणे, आणि तो निधीही डॉलरमध्येच.

जुनी वाचक
त्याच वर्षी ब्रिक्सच्या विकास बँकेचाही करार झाला, ते का गाळलंत? पाचही संस्थापकांचं भांडवल सारखं, मतं सारखी. चीनची अर्थव्यवस्था दक्षिण आफ्रिकेच्या कितीतरी पट, तरी समान वाटा मान्य करून घेतला. तो टेबलावर बसूनच ना?

आडवाटेचा
बँकेचं मान्य. तेवढंच. रिओबद्दल माझं मत बदललेलं नाही.

निर्यातवाला
२०२६ चं अध्यक्षपद भारताकडे आहे. सुरक्षा परिषदेवर एक परिच्छेद कमी आला तरी चालेल. पैसे आल्यावर बँकेने किती दिवसांत खात्यात जमा करायचे आणि अडवले तर कारण कुणी लेखी द्यायचं, एवढं अर्थखात्याला सोबत बसवून ठरवून घ्या. माझी दोन बिलं अजून अडकलेली आहेत.