जुनं सामान न्यायला आलेले लोक दारात भाव पाडतात, कसं हाताळायचं?

खिडकीवाली:

नवऱ्याची बदली बंगळूरला झाली आहे. महिनाअखेरीस कोथरूडचा फ्लॅट रिकामा करायचाय. फ्रिज, फ्रंट लोड वॉशिंग मशीन, हायड्रॉलिक बेड, लोखंडी कपाट आणि माझी स्कूटर असं सगळं ऑनलाइन विकायला टाकलंय. फोनवर बोलताना सगळे गोड असतात, खरा तमाशा उचलायला आल्यावर.

परवाचंच सांगते. बेडचे नऊ हजार ठरले होते. गृहस्थ दोन पोरं आणि छोटा हत्ती घेऊन आले. गादी बाजूला केली, प्लाय ठोकून पाहिला, पोरांनी बेड खोलायला घेतला. हेडबोर्ड सुटा झाला, स्क्रू वाटीत जमा झाले आणि मग म्हणतात, "ताई, हा कोपरा फुगलाय. सहाला द्या. टेम्पोचं भाडंही माझ्याच डोक्यावर आहे." तो कोपरा फोटोत होता, खाली लिहिलंही होतं! घरात मी आणि सासूबाई, बेडचे तुकडे हॉलभर. शेवटी साडेसातला गेला.

दुसऱ्या एकाने "फायनल समजा, कुणाला देऊ नका" म्हणून फ्रिज अडवून ठेवलाय आणि आता फोन उचलत नाही. तिसऱ्याला पत्ता दिला तर रात्री पावणेअकराला "खाली आलोय". अजून बरंच सामान जायचंय. अनुभवी मंडळी, सांगा काहीतरी.

टेम्पोतला_प्रवासी:

स्क्रू सुटला की भाव सुटला. बेड आणि कपाटवाल्यांची ही नेहमीची खेळी आहे, कारण उघडलेला बेड तुम्ही पुन्हा जोडत बसणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून क्रम असा ठेवा: बघा, हात लावा, हवं तेवढं ठोका, पटलं तर पूर्ण पैसे द्या, मग पाना बाहेर काढा. हे फोनवरच सांगायचं आणि व्हॉट्सॲपवर लिहूनही टाकायचं: "बेड ९,०००, एका कोपऱ्याचा प्लाय फुगलेला आहे, पैसे मिळाल्यावरच खोलणे, खोलायला माणूस तुमचा." दारात कुरकुर सुरू झाली की तोच मेसेज समोर धरा. ज्याला हे मान्य नसतं तो बहुतेक वेळा येतच नाही, तुमचा तेवढा दिवस वाचतो.

अडवून ठेवणाऱ्यांसाठी टोकन. "हजार-पाचशे पाठवले तर दोन दिवस थांबते, नाहीतर जो आधी येईल त्याचं" असं सांगायचं. टोकन परत मिळणार की नाही तेही आधीच ठरवा, नाहीतर त्यावरून नवा वाद.

कल्याण_लोकल:

सोसायटीत राहत असाल तर तुमच्या हातात सर्वात मोठं हत्यार आहे: गेटपास. आमच्याकडे फ्लॅटवाल्याच्या सहीच्या चिठ्ठीशिवाय वॉचमन खुर्चीसुद्धा बाहेर जाऊ देत नाही. पैसे खात्यात दिसल्याशिवाय मी त्या चिठ्ठीवर सही करत नाही. "घरी पोचल्यावर पाठवतो", "नेट चालत नाहीये", "लिमिट संपलं" ही सगळी गाणी गेटवर आपोआप बंद पडतात. तसंही यूपीआयची रोजची मर्यादा साधारण एक लाखाची असते. वॉशिंग मशीनवाल्याची ती संपली असेल तर त्याने रोख आणावी.

सेक्रेटरीला विचारून सामान उतरवायची वेळही आधी कळवा. आमच्याकडे दुपारी दोन ते चार लिफ्टने सामान नेता येत नाही. हे खरेदीदाराला आधी सांगितलं नाही तर तो टेम्पोचं वेटिंग तुमच्याकडून मागतो.

नंदाकाकू:

अगं, पत्ता इतक्या लवकर द्यायचाच नाही. आधी नुसता एरिया सांगायचा, मग जवळची खूण, आणि तो निघाल्यावर फोन आला की फ्लॅट नंबर. यायची वेळ आपण सांगायची, सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा. उशीर झाला तर "आज जमणार नाही, उद्या या", बस्स. त्यावर खुलासे देत बसू नये.

वस्तू शक्य तर आधीच हॉलमध्ये आणून ठेव, म्हणजे माणसं बेडरूमपर्यंत येत नाहीत. कुणीतरी शेजारचं सोबत बसव. आणि चहा विचारू नकोस! पाणी द्यावं. चहा झाला की माणूस सैलावतो आणि घासाघीस पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हे मी गमतीत म्हणत नाहीये.

भाव पाडायला लागले की "भाव मिस्टरांनी ठरवलाय, मला कमी करता येणार नाही" एवढंच म्हणायचं. आपल्या बायकांना ते वाक्य आवडत नाही, मलाही नाही, पण दारात उपयोगी पडतं.

पाना_पक्कड:

जरा दुसरी बाजू. मी कायम जुनं सामान घेतो. दारात भाव पाडणारे सगळेच लबाड नसतात. "एकदम चालू कंडिशन" लिहिलेलं मशीन लावून बघायला गेलं की नळ बंद, प्लग पॉइंट नाही, "कालच धुतले कपडे" असं तोंडी सर्टिफिकेट. अशा वेळी हजार कमी मागितले तर काय चुकलं? विकणाऱ्याने मशीन नळाला जोडलेलं ठेवावं आणि स्पिनचा व्हिडिओ आधीच पाठवावा, घासाघिशीला जागाच उरत नाही.

फ्रंट लोडचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे हलवताना ड्रम घट्ट धरून ठेवणारे, सापडतायत का बघा. मागच्या बाजूने ते लावल्याशिवाय मशीन टेम्पोत हलवलं तर ड्रम आत आपटतो आणि दोन दिवसांनी "तुम्ही खराब मशीन दिलंत" म्हणून फोन येतो. फ्रिजही उभाच न्यायला सांगा. आडवा नेला तर घरी नेल्यावर काही तास उभा ठेवून मगच चालू करायचा, हे घेणाऱ्याला लिहून पाठवा. सोबत "चालू करून पाहिले, आहे त्या स्थितीत घेतले" असा एका ओळीचा मेसेज त्याच्याकडून मागून घ्या.

खिडकीवाली:

काका-काकू, सगळ्यांचे आभार. बोल्ट शोधते, माळ्यावर पिशवीत असावेत. अजून एक. कपाटासाठी एकाचा मेसेज आलाय. आर्मीत आहे म्हणतो, ओळखपत्राचा फोटोही पाठवलाय. कपाट न बघताच पूर्ण किंमत द्यायला तयार. म्हणतो, "क्यूआर पाठवतो, तुम्ही स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील, संध्याकाळी माझा माणूस कपाट घेऊन जाईल." घ्यावेत का?

कल्याण_लोकल:

अजिबात नाही!! ब्लॉक करा. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो ना पिन. स्कॅन करून पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. फौजी असल्याची बतावणी आणि न बघता होकार हा जुना सापळा आहे, ओळखपत्र बनावट किंवा दुसऱ्याचं असतं. व्यक्ती-व्यक्तींमधली कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे यूपीआयवर समोरच्याकडे पैसे मागायची सोय, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, त्यामुळे आता क्यूआर आणि लिंकवर जास्त भर असतो.

खऱ्या खरेदीदाराचेही "पेमेंट झालं" हे स्क्रीनशॉट बघून मानू नका. खोटे स्क्रीनशॉट काढून देणारी ॲप्स आहेत. मेसेजवरही विसंबू नका, बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघा. आणि चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता यायची शक्यता जास्त.

टेम्पोतला_प्रवासी:

स्कूटरचं कुणी बोललंच नाही. त्यात भाव पाडण्यापेक्षा मोठी डोकेदुखी वेगळी असते: गाडी जाते आणि नाव तुमचंच राहतं. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून द्यायच्या नाहीत. समोरच्याचं नाव, पत्ता, तारीख भरलेली असू दे, त्याच्या आधारची प्रत आणि गाडीसोबतचा फोटो ठेवा. पावतीवर तारखेबरोबर ताबा दिल्याची वेळही टाका. विकल्याचं आरटीओला १४ दिवसांत कळवायचं असतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली स्पष्ट केलंय की नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईत मालक तोच. "महिनाभरात नावावर करून घेतो" म्हणणाऱ्याला सांगा, ट्रान्सफरचा अर्ज ऑनलाइन भरून होईपर्यंत थोडी रक्कम माझ्याकडे राहील. तुम्ही बंगळूरला गेल्यावर पुण्यातली चलनं तुमच्या मोबाइलवर यायला लागली की फार चिडायला होतं.