ईमेलांनी फरक पडतो
"ऑनलाइन मोहिमांनी काही होत नाही" असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. एप्रिल २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या साइटी सारख्याच वागवाव्यात यासाठी, ट्रायकडे (दूरसंचार नियामकाकडे) १० लाखांवर ईमेल गेले, फ्लिपकार्टनं एअरटेल झिरो या ठरावीक ॲप फुकट वापरू देणाऱ्या योजनेतून अंग काढून घेतलं. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं साइट बघून वेगळा दर लावायला बंदीच घातली, आणि फेसबुकची निवडक साइटी फुकट दाखवणारी सेवा फ्री बेसिक्सही आपल्याकडं बंद झाली.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं तर याचं मोल जास्तच. सरकारी कागद कन्नडमध्ये येतो, त्यामुळं मराठीतली माहिती आपण मोबाइलवरच शोधतो. फुकट साइटींची यादी कंपन्यांनी ठरवली असती, तर सीमाभागातल्या छोट्या मराठी पोर्टलला त्यात कोण घेणार होतं? ट्राय पुन्हा हरकती मागवेल तेव्हा आपल्या तालुक्यांतूनही ईमेल गेलेच पाहिजेत.