डॉलीची ती सीडी : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, बरेच दिवस मनात घोळत होतं, आज धागा काढतेच. अमेरिकेतली कंट्री गायिका डॉली पार्टनची 'फॉर गॉड अँड कंट्री' ही सीडी तुमच्यापैकी कुणी ऐकली आहे का? २००३ च्या नोव्हेंबरात आली, १८ गाणी. सुरुवात बायबलातल्या २३ व्या स्तोत्रानं, लगेच मागोमाग राष्ट्रगीत, मग सैनिकांची गाणी, धीर देणारी गाणी, काही तिची स्वतःची. इराकचं युद्ध त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झालं होतं. अशा वेळी निघालेल्या देशभक्तीच्या सीडीत तोफा-नगारेच असणार असं वाटतं. पण गाण्यांची यादी वाचून बघा, घरी परत येण्याचीच गाणी किती आहेत! जॉनी लढाईवरून घरी येतो, पोरगा आईला म्हणतो मला घरी यायचंय, कुणी झाडाला पिवळी फीत बांधून ठेवलीय, कुणाचं दारात स्वागत होतंय. घर सोडून आलेल्या आपल्यासारख्यांना ही सीडी लागते ती याच्यामुळे, असं मला तरी वाटतं.

माझं आधी सांगते. २००४ च्या डिसेंबरात नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही टेनेसीत, नॉक्सव्हिलजवळच्या मेरीव्हिलला आलो. माझा एच-४, म्हणजे नोकरदाराच्या बायकोचा व्हिसा, त्यावर तेव्हा नोकरी करायची परवानगी नव्हती. एकच गाडी, ती नवरा घेऊन जायचा. दिवसभर मी आणि घर. शेजारच्या बाई साठीच्या, एकट्या. त्यांचा मुलगा नॅशनल गार्डच्या, म्हणजे राखीव सैन्याच्या, २७८ व्या रेजिमेंटमध्ये, तिचं मुख्यालय नॉक्सव्हिललाच, आणि ती सगळी रेजिमेंट तेव्हा इराकला गेलेली. अंगणातल्या ओकला पिवळी फीत. ही फीत बांधायची रीत १९७९ पासूनची. इराणमध्ये अमेरिकन वकिलातीतली माणसं ४४४ दिवस अडकली होती, तेव्हा त्यांच्यातल्या एकाच्या बायकोनं मेरीलँडमधल्या घरासमोरच्या ओकला बांधली आणि देशभर पसरली. गाणं त्याच्याही आधीचं, १९७३ चं, आणि ते सैनिकाचं नाही, तुरुंगातून सुटून येणाऱ्या माणसाचं आहे.

उन्हाळ्यात या बाईंनी मला पोर्चवर बोलावलं आणि माझ्या मांडीवर शेंगांचं पातेलं ठेवलं. आपल्या घेवड्यासारख्या हिरव्या शेंगा. वर्षाची बेगमी काचेच्या बरण्यांत भरून ठेवायची त्यांची पद्धत. शिरा ओढायच्या, तुकडे मोडायचे. त्यांचं डोंगराकडचं इंग्रजी मला निम्मंच कळायचं, पण घेवडा मोडायला भाषा लागत नाही. आणि गॅरेजमधल्या प्लेअरवर ही सीडी. पाचवं गाणं संपत आलं की बाई ओल्या हातानं उठायच्या आणि बटण दाबून सहावं सोडून सातवं लावायच्या. रोज. शेवटी मी विचारलंच. म्हणाल्या, ते तो दारात उभा राहिला की लावायचं. सहावं गाणं म्हणजे 'वेलकम होम'. आपल्याकडे निकालाच्या आधी पेढे आणत नाहीत ना, तसंच.

पुढचं नंतर लिहिते. तुम्ही सांगा. सीडी ऐकली नसेल पण त्यातलं एखादं गाणं दुसरीकडे कुठे भेटलं असेल तर तेही चालेल.

क्लार्क्सव्हिल, टेनेसी

मी फार्मासिस्ट, मूळचा सांगलीचा. आमच्या गावाला लागूनच फोर्ट कॅम्पबेल, १०१ वी एअरबोर्न डिव्हिजन तिथली. २००३ मध्ये ती इराकला गेली आणि गाव अर्धं रिकामं झालं. काउंटरवर नुसत्या बायका आणि मुलं. मुलांचा खोकला, स्वतःच्या झोपेच्या गोळ्या. त्यांच्यातली एक बाई रिफिल तयार होईपर्यंत गाडीत बसून गाणी ऐकायची, काच उघडी ठेवून, आम्ही हाक मारली तर ऐकू यावी म्हणून. नाताळाच्या आसपास माझ्या कानावर डॉली पडली ती अशी, ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीतून.

२००४ च्या सुरुवातीला डिव्हिजन परत आली. छावणीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कुंपणावर बेडशीटं बांधलेली, त्यांवर स्प्रे-पेंटनं नावं आणि 'वेलकम होम'. एका बेडशीटवर नाव लिहून त्याखाली लहान मुलाच्या पायांचे निळे ठसे होते. बाप गेल्यावर जन्मलेलं पोर असणार. मी गाडी बाजूला घेऊन बराच वेळ ते ठसे बघत बसलो. सगळ्यांचीच माणसं काही परत आली नाहीत. ज्यांची नाही आली त्याही आमच्याकडेच औषधाला यायच्या. त्या आठवड्यांत दुकानातला रेडिओ आम्ही बंद ठेवला. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, आपोआपच बंद राहिला.

मेम्फिस

सीडीतलं तिसरं गाणं, 'गॉड ब्लेस द यूएसए', मूळ ली ग्रीनवूडचं, १९८४ चं. मला ते नागरिकत्वाच्या शपथविधीत भेटलं. हात वर करून शपथ झाली आणि पडद्यावर हे गाणं लागलं. शेजारची व्हिएतनामी आजी हुंदके देऊन रडत होती. मी पण रडलो, पण माझं रडणं वेगळं होतं. घरी टेबलावर भारताचा पासपोर्ट होता. तो आता वकिलातीत द्यायचा आणि 'रद्द' असा शिक्का मारून परत घ्यायचा. गाण्यात स्वतःच्या देशाचा अभिमान आहे, आणि मला त्या क्षणी कळेना कुठला. दोन्ही खरे होते. याहून जास्त लिहिता येत नाही.

अटलांटा

आमचा अनुभव आजीचा आहे. आजीचा जन्म १९३२ चा, शाळा रत्नागिरीला. २००५ च्या नोव्हेंबरात ती आमच्याकडे होती. मुलीच्या शाळेत व्हेटरन्स डेचा कार्यक्रम होता, आजीला नऊवारीवर स्वेटर घालून नेलं. समोर गावातले जुने सैनिक छातीवर पदकं लावून बसलेले. दुसरी-तिसरीच्या मुलांनी 'माय कंट्री टिज ऑफ दी' सुरू केलं आणि आजी ताठ बसली. माझा दंड धरून म्हणाली, "अगं, हे तर राजाचं गाणं!"

आणि खरंच. चाल ब्रिटिश राष्ट्रगीताचीच आहे. १८३१ मध्ये सॅम्युएल फ्रान्सिस स्मिथनं त्या चालीवर अमेरिकेचे शब्द बसवले. आजीच्या शाळेत साहेब तपासणीला आला की हीच चाल म्हणावी लागायची. १९४२ नंतर तिच्या वर्गातल्या मुली नुसते ओठ हलवायच्या, आवाज काढायच्या नाहीत. बाईंना कळायचं, पण बाई काही बोलायच्या नाहीत. हे आजीनं आम्हाला आधी कधीच सांगितलं नव्हतं. गाडीत बसल्यावर सगळं बाहेर आलं.

मग मी डॉलीची सीडी आणली, तीत ते अकरावं आहे. आजीनं पूर्ण ऐकलं. म्हणाली, "ह्यांनी बरं केलं. राजाला हाकलला आणि चाल ठेवून घेतली." त्यानंतर स्वयंपाकघरात ती चाल गुणगुणायची. आवाज काढून.

फिनिक्स, ॲरिझोना

मी थोडं वेगळं लिहिणार आहे, राग मानू नये. १५ सप्टेंबर २००१ ला, न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, आमच्या शेजारच्या मेसा गावात एका शीख गृहस्थांना त्यांच्या पेट्रोल पंपासमोर गोळी घालून मारलं. पगडी आणि दाढी बघून. मारणारा स्वतःला देशभक्त म्हणवत होता. तेव्हा माझीही दाढी होती. त्या रात्री काढली, आणि दुसऱ्या दिवशी गाडीला झेंडा लावला. भीतीनं लावलेला झेंडा कसा फडफडतो हे ज्यानं लावलाय त्यालाच कळतं. त्या महिन्यात रेडिओवर सतत देशभक्तीची गाणी चालायची आणि प्रत्येक गाण्याला माझ्या पोटात गोळा यायचा.

ही सीडी मला ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं दिली, मनापासून दिली. तिसरं गाणं लागलं की मी अजूनही आवाज कमी करतो, वीस वर्षं झाली तरी. चौथ्याला वाढवतो. 'लाइट ऑफ अ क्लिअर ब्लू मॉर्निंग'. ते डॉलीचं स्वतःचं, मूळ १९७७ चं. ज्याच्या कार्यक्रमातून ती पुढे आली त्या पोर्टर वॅगनरची साथ सोडताना तिला सुचलेलं. त्यात देशाचं काहीच नाही. लांबलेली काळी रात्र सरते, एवढंच आहे. देशभक्तीच्या सीडीत हे गाणं ठेवणाऱ्या बाईला माझ्यासारख्यांचंही कळत असावं, असं मी धरून चाललोय.

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना

माझे सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, १९७१ ला पूर्व आघाडीवर होते. गाव सातारा जिल्ह्यात, मिलिटरी अपशिंग्याच्या जवळ. घरटी एक माणूस पलटणीत असायचा. २००६ मध्ये ते आमच्याकडे तीन महिने होते. टीव्हीत रमेनात, इंग्रजी येत नाही. मी पोळ्या करताना ही सीडी लावायची आणि अण्णा स्टुलावर बसून विचारायचे, "काय म्हंतीया?"

सातवं गाणं म्हणजे सैनिकांचं कवायतीचं जुनं गाणं, जेवणाच्या तक्रारींचं. मी अर्थ सांगितला तर अण्णांना हसू आवरेना. "आमच्या लंगरातबी तेच. डाळीत बुडी मारली तरी दाना गावायचा न्हाई." दोन दिवस ते गाणं मागून ऐकलं.

मग एकदा चौदावं लागलं, 'बॅलड ऑफ द ग्रीन बेरे', म्हणजे सैनिकाच्या हिरव्या टोपीचं गाणं. मूळ १९६६ चं, बॅरी सॅडलरचं, तो स्वतः व्हिएतनामला जाऊन आलेला सार्जंट. शेवटी त्यात मेलेला सैनिक बायकोला निरोप पाठवतो की आपल्या पोरालाही हीच टोपी मिळू दे. मी लाटता लाटता सांगितलं. अण्णा म्हणाले, परत लाव. परत लावलं. मग मला म्हणाले, गॅस बंद कर.

युद्धानंतर सुट्टीवर येताना त्यांनी एका सोबत्याची ट्रंक त्याच्या घरी पोचवली होती. ट्रंक उघडल्यावर चार-पाच वर्षांच्या पोरानं बापाची टोपी काढून डोक्यावर घातली. ती नाकापर्यंत आली. आजूबाजूचे म्हातारे म्हणाले, शाब्बास, बापाची गादी चालवणार. बाई चुलीपुढनं उठली, पोराच्या डोक्यावरची टोपी काढली, घडी घालून ट्रंकेत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. एक शब्द बोलली नाही.

"गान्यातला म्हंतोय पोराला टोपी द्या," अण्णा म्हणाले. "त्या बाईला इच्यारलं का कुनी?"

तो पोरगा पुढे एस.टी.त कंडक्टर झाला. अण्णा त्याच्या गाडीनं मुद्दाम प्रवास करायचे.

ओक रिज, टेनेसी

देशाचं काम नुसतं गाण्यात नसतं, म्हणून एवढंच लिहितो. आमच्या लेकीला जन्मापासून पाच वर्षांची होईपर्यंत दर महिन्याला टपालानं एक पुस्तक आलं, फुकट, तिच्या नावानं. डॉलीची 'इमॅजिनेशन लायब्ररी'. १९९५ मध्ये तिनं ती तिच्या सेव्हियर काउंटीत सुरू केली, कारण तिच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. १२ भावंडांतली ही चौथी. लेकीनं पाकिटावरचं स्वतःचं नाव वाचलं, तेच तिचं पहिलं वाचन.

न्यू जर्सी

मी गाणं शिकते, म्हणून फक्त गाण्याबद्दल. सीडी सगळी सारखी नाही. १८ गाणी जास्त झाली, चार कमी असती तर वजन वाढलं असतं. आणि 'गो टू हेल' मध्ये ती सैतानाला ठणकावते तिथे माझं मन लागत नाही. पण स्तोत्र ऐका. ती दम दाखवायला जातच नाही. आवाज बारीक, थरथरता, शब्दाच्या शेवटी किंचित मुरका. माजघरातली बाई कुणी ऐकत नाही असं समजून ओवी म्हणते तसा. राष्ट्रगीतासारखं अवघड गाणंही ती छाती न फुगवता म्हणते, म्हणून ते खरं वाटतं.

नॅशव्हिल

मी रेस्पिरेटरी थेरपिस्ट, म्हणजे श्वासाचा त्रास असलेले रुग्ण सांभाळणारी. २०२० चा एप्रिल. रात्रपाळी संपली की पार्किंगमध्ये गाडीत दहा मिनिटं बसायचे, चेहऱ्यावर मास्कचे वळ, आणि फिनिक्सच्या दादांनी लिहिलंय तेच चौथं गाणं लावायचे. घरी जाऊन मुलांना लगेच जवळ घेता यायचं नाही, अंघोळीपर्यंत त्यांनी खोलीतच थांबायचं. त्याच महिन्यात डॉलीनं इथल्या व्हँडरबिल्टला संशोधनासाठी १० लाख डॉलर दिले. त्यातला काही पैसा मॉडर्नाच्या लशीच्या कामाला लागला. पुढच्या मार्चमध्ये तिनं लस घेतली तीही इथेच. मला डिसेंबरातच मिळाली होती. टोचून घेतल्यावर गाडीत बसून गाणं लावलं आणि पहिल्या ओळीलाच बंद केलं. त्या दिवशी ऐकवेना. माझ्या हाताखालून गेलेल्या माणसांचे चेहरे समोर येत होते.

मेरीव्हिलहून पुन्हा मी

सगळ्यांचं वाचलं. अण्णांच्या गोष्टीनंतर दोन दिवस काही लिहावंसं वाटलं नाही.

तिघांनी विचारलंय म्हणून सांगते. २७८ वी रेजिमेंट २००५ च्या अखेरीस परत आली. शेजारच्या बाईंचा मुलगाही आला, धडधाकट. मला वाटलं होतं त्या दिवशी सहावं गाणं जोरात वाजेल. पण नाही वाजलं. तो दिवसभर झोपायचा आणि रात्री अंगणात फेऱ्या घालायचा. आमच्या खिडकीतून सिगारेटचं टोक दिसायचं. ओकची फीतही तशीच होती. बाई म्हणायच्या, आलाय, पण अजून पोचला नाही.

थँक्सगिव्हिंगनंतर एकदा मी डबा द्यायला गेले, तर तो गॅरेजमध्ये उन्हाळ्यातल्या बरण्या फळीवर लावत होता. एकेका बरणीवर आईनं तारीख घातलेली. त्यानं एक उचलून विचारलं, या शेंगा कुणी मोडल्या, तुकडे फार लहान आहेत. बाई म्हणाल्या, हिनं. तो हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. बाईंनी पदराला पुसावेत तसे ॲप्रनला हात पुसले आणि सीडी लावली. पाचवं गाणं संपलं तेव्हा त्या जागच्या हलल्या नाहीत.