एक लाखाच्या नोटेवरचा दुसरा माणूस कोण?

सीवूड्सची काकू
भाचा बोटीवर असतो. परवा न्हावा-शेव्याला उतरून थेट घरी आला, येताना इंडोनेशियाची एक लाख रुपियाची नोट घेऊन. ह्यांनी दोन मिनिटं लखपती होऊन घेतलं. आपले पाच-सहाशेच होतात म्हणे! नोटेवर दोघे आहेत. सुकार्नो ओळखले, त्यांचे पहिले राष्ट्राध्यक्ष. शेजारचे कोण?

ऐरोलीकर
मोहम्मद हट्टा, पहिले उपराष्ट्रपती. जकार्ताचा विमानतळही दोघांच्या नावाने आहे. सुकार्नो म्हणजे नेहरू, हट्टा म्हणजे पटेल समजा.

कोपरीचा सेक्रेटरी
पटेल नको हो. अकरा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे, त्यामुळे माझा कल उघड सांगतो: तिकडे हट्टांना सहकाराचे जनक म्हणतात. सुकार्नो उभे राहिले की टाळ्या, हट्टा बसून कागद वाचणार.

17 ऑगस्ट 1945ची स्वातंत्र्यघोषणा अवघ्या दोन वाक्यांची, खाली दोघांच्याच सह्या. आदल्या दिवशी पहाटे तरुण पोरांनी दोघांना उचलून रेंगासडेंगक्लोकला नेलं होतं: इथे ताबा असलेला जपान शरण आलाय, आता थांबता कशाला?

जपानच्या आधी तिथे राज्य करणारे डच मात्र हटेनात. चार वर्षं लढाई आणि बोलणी. काकू, मला आवडतं ते पुढचं. हट्टा हॉलंडमध्ये शिकत असताना 1927मध्ये त्यांना अटक झाली, हेगमध्ये खटला चालला, निर्दोष सुटले. 1949मध्ये त्याच हेगच्या गोलमेज परिषदेत ते इंडोनेशियाचे पंतप्रधान म्हणून बसले. सत्ता मिळाली, पण सोबत वसाहतीचं 4.3 अब्ज गिल्डरचं कर्जही गळ्यात आलं. आमच्या इमारतीचं कन्व्हेयन्स झालं, म्हणजे मालकी सोसायटीच्या नावावर आली, तेव्हा बिल्डरची थकबाकी आमच्या माथी आली होती, म्हणून हा आकडा विसरत नाही.

सीवूड्सची काकू
मग दोघांचं जमलं का शेवटपर्यंत?

कोपरीचा सेक्रेटरी
कुठलं! 1956च्या ऑक्टोबरात सुकार्नो म्हणाले, सगळे पक्ष पुरून टाकूया. 1 डिसेंबरला हट्टा पदावरून बाजूला झाले. 1963मध्ये सुकार्नो तहहयात राष्ट्राध्यक्ष, आणि चार वर्षांत लष्कराच्या जनरल सुहार्तोंनी सत्ता काढून घेतली.

ऐरोलीकर
पटेल मागे घेतो. एक भर: 1947च्या जुलैत डचांनी हल्ला केला, तेव्हा इंडोनेशियाचे पहिले पंतप्रधान शहरीर यांना विमानाने बाहेर काढणारे वैमानिक आपले बिजू पटनायक.

सीवूड्सची काकू
ओडिशाचे मुख्यमंत्री होते तेच? ह्यांना सांगते. नोट लक्ष्मीपूजनाच्या डबीत गेलीये, आता पुन्हा बाहेर काढून बघणार.