रक्तवाहिनी बांधण्याचे श्रेय कोणाचे?

धागाकर्ता
‘लिगेचर (रक्त थांबवण्यासाठी रक्तवाहिनी धाग्याने बांधणे) म्हणजे आंब्रवाझ पारे या फ्रेंच शल्यविशारदाचा शोध’ हे कालच्या लेखातले विधान वाचून गप्प राहवले नाही. ‘लिगारे’ म्हणजे बांधणे, या लॅटिन क्रियापदातून आलेल्या ह्या शब्दाइतकीच ती क्रियाही जुनी आहे. रक्त वाहणारी शीर दोन ठिकाणी बांधून मधोमध कापावी, असे रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकातच लिहिले होते. पारेने १५५२ मध्ये, लढाईत जखमी झालेल्याचा पाय कापल्यावर, डाग देण्याऐवजी वाहिन्या बांधल्या; श्रेय तेवढेच.

वैद्य, सातारा
तुमचा इतिहास रोममध्ये सुरू होतो आणि पॅरिसमध्ये संपतो, याचा मला संताप येतो. सुश्रुताचे नावही तुम्हाला घ्यावेसे वाटले नाही.

धागाकर्ता
नाव अवश्य घेऊ, पण सुश्रुतसंहितेतल्या सूत्रस्थानाचा चौदावा अध्याय उघडून घेऊ. तिथे रक्त थांबवण्याचे चार उपाय आहेत: संधान (तुरट द्रव्यांनी जखम जुळवणे), स्कंदन (थंडाव्याने रक्त गोठवणे), पाचन (भस्म लावणे) आणि दहन (डाग देणे). सिरावेधाच्या, म्हणजे शीर टोचून रक्त काढण्याच्या, वेळी जो पट्टा आवळतात, तो शीर फुगून वर यावी म्हणून.

वैद्य, सातारा
त्या चारांत बांधणे नाही, हे मान्य करणे भाग आहे. तथापि उपायांचा असा क्रम लावून, बाकीचे तीन फसले तरच डाग द्यावा असे सांगणारा ग्रंथ तुमच्या यादीबाहेर का राहावा, याचे उत्तर तुम्ही दिलेले नाही.

निवृत्त सर्जन
तुम्ही दोघेही पहिला कोण यावर भांडता आहात, आणि गाठ बांधल्यानंतर रुग्णाचे काय होत असे हे कोणीच विचारत नाही. निवासी डॉक्टर असताना मांडीच्या धमनीची गाठ रात्री सुटलेली मी पाहिली आहे. चादर भिजेपर्यंत कोणाच्या लक्षात आले नव्हते, आणि मूठ दाबून धरण्यापलीकडे त्या क्षणी काहीही करता येत नव्हते. पारेच्या मागून आलेले शल्यविशारद धाग्यांची टोके जखमेबाहेर लांब सोडत, पू होऊन धागा गळून पडण्याची वाट पाहत, आणि त्याच वेळी वाहिनी कुजून पुन्हा रक्तस्राव होई. १७१८ मध्ये पेटी या फ्रेंच शल्यविशारदाने स्क्रूचा टूर्निके (अवयव आवळून रक्त रोखणारा पट्टा) आणला तेव्हा कापताना शांतपणे वाहिनी शोधून बांधायला उसंत मिळाली. आणि १८६० च्या दशकाअखेर लिस्टर या ब्रिटिश शल्यविशारदाने जंतुनाशक कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेले कॅटगट (जनावराच्या आतड्यापासून केलेला, शरीरात विरघळणारा धागा) वापरून टोके आखूड कापली, तेव्हाच जखम बंद करता येऊ लागली.

धागाकर्ता
लिस्टरविषयीचे तुमचे म्हणणे मला पटते. पण म्हणून सेल्ससचे वाक्य पुसले जात नाही, आणि लेखात ती दुरुस्ती झालीच पाहिजे.

वैद्य, सातारा
दुरुस्ती करताना चौदावा अध्यायही त्यात घ्यावा, एवढीच माझी मागणी आहे.