मदत हवी आहे: लूक १६ मधल्या कारभाऱ्याचं कौतुक कशासाठी?

नमस्कार मंडळी. बायबल अभ्यासगटात ‘ख्रिस्ती कारभारीपण’ हा विषय माझ्याकडे आला आहे. पाया समजतो: स्तोत्र २४:१ नुसार पृथ्वी परमेश्वराची, आपण फक्त सांभाळणारे. १ करिंथ ४:२ मध्ये प्रेषित पौल कारभाऱ्याकडून विश्वासूपणाच मागतो. इथवर ठीक.

अडतं ते लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेल्या दाखल्यात (लूक १६:१-१३). मालमत्ता उधळल्याचा आरोप असलेला कारभारी नोकरी जाणार हे कळताच ऋणकऱ्यांचे कागद बदलतो. तेलाची शंभर मापं पन्नासवर, गव्हाची शंभर ऐंशीवर. आणि धनी त्याची वाहवा करतो!

काही अभ्यासक म्हणतात, त्याने स्वतःचं कमिशन सोडलं. काही म्हणतात, मोशेच्या नियमशास्त्राने मना केलेलं व्याज वगळलं. मला दोन्ही जरा ओढूनताणून वाटतं, कारण आठव्या वचनात त्याला सरळ ‘अन्यायी’ म्हटलंय. मग कौतुक फक्त त्याच्या धूर्त दूरदृष्टीचं का? तसं असेल तर लगेच दहाव्या वचनात ‘थोडक्याविषयी विश्वासू’ कसं येतं?

तुम्ही हा भाग शिकवताना ही सांगड कशी घालता? दशांशाकडे (उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याकडे) विषय वळवू नका, प्लीज; तो वेगळा तास आहे.