६० ते ८० च्या वेगात ऑटोमॅटिक गाडी थरथरते: प्लग, ऑइल की टॉर्क कन्व्हर्टर?

हलका_पाय

पेट्रोल गाडी, टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, १,१०,००० किलोमीटर. गिअरबॉक्सचं ऑइल एकदाही बदललेलं नाही. ६० ते ८० च्या वेगात, अॅक्सिलरेटरवर पाय अगदी हलका असताना, १४०० ते १७०० आरपीएमला दोन-तीन सेकंद थरथर येते. रस्त्यावरच्या जाड पांढऱ्या पट्ट्यांवरून गाडी गेल्यासारखी. पाय जोरात दाबला की गिअर खाली येतो आणि थरथर थांबते. चेक इंजिनचा दिवा नाही, गिअर बदलताना झटका नाही. जॅक, स्टँड, पाने आणि ब्लूटूथचा ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा) अॅडॅप्टर आहे. गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही.

दोष टॉर्क कन्व्हर्टरचाच आहे हे घरी कसं ठरवायचं? ऑइल बदलून भागेल का? आणि थरथर घालवणारी छोटी ट्यूब मिळते ती टाकावी का?

स्लिप_शून्य

आधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: निदान होईपर्यंत काहीही ओतू नका. लक्षणं लॉकअप क्लचची (कन्व्हर्टरमधला, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा क्लच) वाटतात, पण इंजिनचं हलकं मिसफायर (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) अगदी असंच जाणवतं, आणि त्यालाही कारण आहे. कन्व्हर्टर मोकळा असतो तेव्हा मधलं ऑइल इंजिनचे हिसके गिळतं. लॉकअप लागला की इंजिन आणि गिअरबॉक्स जवळजवळ थेट जोडले जातात. त्यातच आरपीएम कमी, सिलिंडरवर भार जास्त. मग एखादी कमजोर कॉइल किंवा गॅप वाढलेला प्लग नेमका तिथेच चुकतो. अशा वेळी गिअरबॉक्स उतरवला तरी दोष जागच्या जागी राहतो.

पहिली चाचणी: मोकळा सरळ रस्ता, मागे गाडी नाही याची खात्री, क्रूझ कंट्रोल बंद. थरथर सुरू झाली की उजवा पाय होता तिथेच ठेवा आणि डाव्या पायाने ब्रेक पेडल जेमतेम स्पर्श होईल इतकंच दाबा. ब्रेकचे दिवे लागले पाहिजेत, गाडी थांबायला नको. ब्रेकचा स्विच लागला की कॉम्प्युटर लॉकअप सोडतो. आरपीएम दीड-दोनशेने वर गेला आणि त्याच क्षणी थरथर थांबली तर तो लॉकअपच्या वेळचाच दोष. आरपीएम वर जाऊनही थरथर राहिली तर इंजिन किंवा ड्राइव्ह शाफ्टकडे बघा.

एवढ्यावर निकाल देऊ नका, कारण लॉकअप सुटल्यावर मिसफायरही दबतं. म्हणून दुसरी चाचणी अॅडॅप्टरने. स्क्रीनवर चारच गोष्टी ठेवा: इंजिन आरपीएम, टर्बाइन किंवा इनपुट शाफ्टचा (कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सकडच्या बाजूचा) आरपीएम, लॉकअपचा हुकूम आणि एटीएफचं (गिअरबॉक्सच्या ऑइलचं) तापमान. जास्त आकडे लावले की ब्लूटूथ अॅडॅप्टर मंदावतो आणि दोन सेकंदांची थरथर निसटून जाते. इंजिन आरपीएम वजा टर्बाइन आरपीएम म्हणजे स्लिप. लॉकअप पूर्ण लागल्यावर ती शून्याच्या आसपास येते. बऱ्याच नव्या गाड्या मुद्दाम २० ते ५० ची स्लिप ठेवतात, तो दोष नाही. आकडा १०, ७०, २०, ९० असा नाचत असेल तर क्लच पकडतो-सुटतो आहे. स्लिप स्थिर आणि तरी गाडी थरथरते, तर प्लग काढून गॅप मोजा, कॉइल्स आपसात बदला आणि सिलिंडरनुसार मिसफायरचा काउंटर बघा. दिवा लागण्याआधी तो काउंटर भरायला लागलेला असतो.

अजून एक खूण: गाडी गार असताना कॉम्प्युटर लॉकअप लावतच नाही. पहिले काही किलोमीटर त्याच वेगाला गाडी स्वच्छ चालली आणि गरम झाल्यावरच थरथरली, तर संशय लॉकअपकडे जातो.

दहाचा_पाना

दोष लॉकअपचा ठरला असं धरून पुढचं.

त्या क्लचचं अस्तर कागदासारख्या तंतूंचं असतं आणि ते ऑइलमध्येच घसरत-घसरत पकडतं. एटीएफमधले फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण जुळवणारी रसायनं) ताजे असतात तोवर पकड मऊ लागते. उष्णतेने ते संपले किंवा ऑइलमध्ये ओलावा शिरला की स्थिर घर्षण घसरत्या घर्षणापेक्षा वाढतं. मग क्लच चिकटतो, सुटतो, परत चिकटतो. तीच थरथर. जनरल मोटर्सच्या ८एल९० आणि ८एल४५ या आठ गिअरच्या गिअरबॉक्समध्ये ओलावा शोषणारं ऑइल हेच कारण निघालं, आणि कंपनीने वेगळं ऑइल ठरवून दिलं. तेव्हा गिअर घसरत नसतील तर ऑइल बदलून थरथर जाण्याची आशा चांगली आहे.

रंगावर जाऊ नका. मॉडिफायर संपलेलं एटीएफ लालसरही दिसू शकतं. गुलाबी दुधासारखं दिसलं तर मात्र थांबा: रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत आलंय. अस्तर सुटायला लागतं, नुसत्या ऑइलने ते वाचत नाही.

काम असं करा. गाडी चारही बाजूंनी सपाट पातळीवर, स्टँडवर. ड्रेनच्या आधी भरण्याचा प्लग सैल करून बघा. तो अडकला आणि ऑइल आधीच काढलेलं असलं तर गाडी हलवता येत नाही. निघालेलं ऑइल खुणा केलेल्या बाटलीत मोजा, समजा ३.५ लिटर. तेवढंच नवीन भरा. ग्रेड मॅन्युअलमधलाच, 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं लिहिलेला डबा नको. ड्रेन प्लगचा वॉशर नवा घाला.

पॅन उघडत असाल तर चुंबक बघा. लोण्यासारखी बारीक राखाडी पेस्ट ठीक. बोटाला टोचणारे धातूचे कण निघाले तर आत मोडतोड आहे. पॅनचे बोल्ट ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये जातात. टॉर्क रेंच लावा, हाताच्या अंदाजाने आटे सहज जातात.

मग इंजिन चालू, ब्रेकवर पाय, प्रत्येक गिअरमध्ये तीन-चार सेकंद, परत पी. आता पातळी. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. सीलबंद गिअरबॉक्सची पातळी ठराविक तापमानाला, इंजिन चालू ठेवून बघायची असते. बऱ्याच ठिकाणी ते ४० अंशांच्या आसपास असतं, तुमचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. चेक प्लग उघडल्यावर बारीक धार येऊन थेंबांवर आली की प्लग बंद. ८० अंशांना बघितलं तर ऑइल फुगलेलं असतं, जास्त वाहून जातं आणि गिअरबॉक्स उपाशी राहतो. जास्त भरलं तर आतले फिरते भाग ऑइल घुसळून फेस करतात आणि दाब पडतो.

हलका_पाय

एकूण ऑइल ७ लिटर आहे, प्लगमधून निम्मंच निघणार. उरलेलं मशिनने फ्लश करून घ्यावं का?

दहाचा_पाना

तीनदा काढा-भरा. ७ पैकी ३.५ निघालं तर पहिल्या वेळी ५० टक्के नवं, दुसऱ्या वेळी ७५, तिसऱ्या वेळी ८७.५. दोन बदलांमध्ये शंभरेक किलोमीटर चालवा, लॉकअप लागेल अशा वेगाने. १०.५ लिटर ऑइल लागतं, पण आतला गाळ एकदम हलत नाही. न बदललेल्या जुन्या ऑइलवर दाबाचा फ्लश मी सुचवणार नाही. तिसऱ्या बदलानंतर स्कॅनरने शिफ्ट अडॅप्टेशन (गिअर बदलण्याबद्दल कॉम्प्युटरने शिकलेले आकडे) रीसेट होत असेल तर करा आणि मगच निकाल ठरवा. थरथर लगेच जात नाही, अस्तरात नवं ऑइल मुरायला तीनेकशे किलोमीटर द्या.

स्लिप_शून्य

ट्यूबबद्दल. त्यात मॉडिफायरचंच घट्ट मिश्रण असतं, साधारण ६० मिली. दोन्ही चाचण्यांनी बोट लॉकअपकडे दाखवल्यावर ती जुन्या ऑइलमध्ये टाकून थरथर गेली तर निदान पक्कं झालं, एवढाच तिचा उपयोग समजा. ऑइल तरीही बदला, आणि दुसरी ट्यूब टाकू नका. मॉडिफायर जास्त झाला की बाकीचे क्लचही घसरायला लागतात. सीव्हीटीत (बेल्ट-पुलीच्या ऑटोमॅटिकमध्ये) तर ती अजिबात नको, तिथे बेल्ट आणि पुलीला पकडच हवी असते. कोरड्या क्लचच्या डीसीटीची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिकची) थरथर पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना येते. त्या क्लचना ऑइल लागतच नाही, तो वेगळा विषय.

तीन बदलांनंतरही स्लिप नाचत असेल किंवा पी०७४१ (लॉकअप नीट लागत नसल्याचा) कोड आला तर लॉकअपचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) आणि व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलच्या दाबाचे मार्ग असलेला भाग) तपासायची. तीही ठीक निघाली तर कन्व्हर्टर बदलणं, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ते काम जॅक-स्टँडवर एकट्याने करू नका.